अ‍ॅगारोज जेल: डीएनए आणि आरएनएचे तुकडे वेगळे करणारी जाळी कशी घडते

रेणुजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत नव्याने आलेल्या विद्यार्थ्याच्या हाती पहिल्याच आठवड्यात जे काम दिले जाते ते बहुधा अ‍ॅगारोज जेल ओतण्याचे असते, आणि कित्येक वर्षे काम केलेला संशोधकही अधूनमधून ज्या कामात फसतो तेही हेच. कृती एका वाक्यात मावते: पांढरी भुकटी तोलायची, बफरमध्ये (सामू, म्हणजे पीएच, स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) उकळून विरघळवायची, ट्रेमध्ये ओतायची आणि घट्ट होऊ द्यायची. मग जेलच्या खाचांत नमुना भरून वीज सोडली, की डीएनएचे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे होऊन पट्ट्यांच्या रूपात मांडले जातात. पट्टे पसरले, वाकडे गेले किंवा दिसलेच नाहीत, की आपण नमुन्याला, विकराला किंवा वीजपुरवठ्याच्या यंत्राला दोष देतो. माझ्या अनुभवात मात्र चूक बहुतेक वेळा वीज सुरू होण्याच्या आधी, जेल बनवतानाच झालेली असते. म्हणून या लेखात ओतण्यापर्यंतच्या टप्प्यांवरच अधिक वेळ घालवला आहे.

अ‍ॅगारोज ही शर्करेच्या एककांची लांब साखळी, म्हणजे बहुशर्करा, आहे. जेलिडियम, ग्रासिलारिया यांसारख्या लाल समुद्री शैवालांपासून अ‍ॅगार मिळते आणि त्या अ‍ॅगारचे दोन मुख्य भाग असतात: अ‍ॅगारोज आणि अ‍ॅगारोपेक्टिन. अ‍ॅगारोपेक्टिनवर सल्फेटसारखे ऋणप्रभारित गट मोठ्या प्रमाणात असतात, आणि ज्या जाळीतून आपल्याला प्रभारित रेणू वाहून न्यायचे आहेत ती जाळीच प्रभारित असेल तर जेलमधील पाणी डीएनएच्या उलट दिशेने सरकू लागते व पट्टे धूसर होतात. त्यामुळे अ‍ॅगारोपेक्टिन काढून टाकलेले, जवळपास प्रभाररहित असे अ‍ॅगारोज लागते. ते विद्युतवहनासाठी, म्हणजे विजेच्या प्रवाहाने प्रभारित रेणू वेगळे करण्यासाठी, वापरता येते हे स्वीडनमधील स्टेलान येर्तेन यांनी १९६१ मध्ये दाखवले. डीएनएच्या कामात त्याचा खरा प्रसार १९७० च्या दशकाच्या आरंभी झाला. १९७३ मध्ये कोल्ड स्प्रिंग हार्बर येथील शार्प, सग्डेन आणि सँब्रुक यांनी अ‍ॅगारोज जेलमध्येच इथिडियम ब्रोमाइड हे डीएनएत शिरून चमकणारे रंगद्रव्य वापरून डीएनएचे तुकडे थेट डोळ्यांनी पाहण्याची रीत वापरली आणि किरणोत्सारी खुणांवाचून काही तासांत उत्तर मिळू लागले.

आता जेल घट्ट कसे होते ते पाहू, कारण पुढच्या सगळ्या सूचना यातूनच निघतात. उकळत्या बफरमध्ये अ‍ॅगारोजच्या लांब साखळ्या एकमेकींपासून सुट्या होऊन तरंगत असतात. द्रावण थंड होऊ लागले की या साखळ्या पीळ घेतात, पीळ घेतलेल्या साखळ्यांची जुडगी बनते आणि ती जुडगी एकमेकांत गुंतून पाण्याने भरलेली त्रिमितीय जाळी तयार होते. हे सारे हायड्रोजन बंधांच्या बळावर घडते; कोणताही नवा रासायनिक बंध तयार होत नाही, म्हणूनच अ‍ॅगारोजचे जेल पुन्हा वितळवता येते आणि पॉलिअ‍ॅक्रिलामाइड या दुसऱ्या प्रचलित जेलचे येत नाही. गंमत अशी, की साधे अ‍ॅगारोज साधारण ३५ ते ४० अंश सेल्सिअसला गोठते, पण एकदा गोठलेले जेल वितळवायला मात्र ८५ ते ९५ अंशांपर्यंत तापवावे लागते. जुडगी बांधायला थोडा गारवा पुरतो, पण बांधलेली जुडगी सोडवायला बरीच उष्णता लागते. या दोन तापमानांमधल्या मोठ्या फरकामुळेच आपल्याला ५५-६० अंशांचे पातळ द्रावण हाताळता येते आणि घट्ट झालेले जेल वीज चालू असताना थोडे तापले तरी वितळत नाही. ज्यातून डीएनए परत काढायचा असतो त्या कामासाठी साखळ्यांवर हायड्रॉक्सिएथिल गट चढवलेले, सुमारे ६५ अंशांना वितळणारे अ‍ॅगारोज मिळते. ते हाताला मऊ लागते आणि उचलताना सहज तुटते.

डीएनएच्या साखळीतील प्रत्येक दुव्यामागे, म्हणजे न्यूक्लिओटाइडमागे, एक फॉस्फेट गट आणि म्हणून एक ऋणप्रभार असतो. तुकडा दुप्पट लांब झाला तर प्रभारही दुप्पट आणि ओढावे लागणारे शरीरही दुप्पट. त्यामुळे मोकळ्या द्रावणात लहानमोठे सगळे तुकडे जवळपास एकाच वेगाने धनाग्राकडे जातात आणि वेगळे होतच नाहीत. फरक पाडते ती जाळी. जेलला चाळणी म्हणण्याची पद्धत आहे, पण ती उपमा अर्धीच खरी आहे, कारण चाळणीत मोठे दाणे वर अडकून राहतात आणि जेलमधून मात्र सगळेच पुढे सरकतात, फक्त मोठ्यांना उशीर होतो. लहान तुकडे गुंडाळलेल्या अवस्थेतच छिद्रांमधून निसटतात, तर लांब तुकड्यांना तोंड पुढे घालून, उरलेले अंग मागून ओढत, सापाप्रमाणे वाट काढावी लागते. साखळीच्या या सरपटण्याचे गणित फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ पिएर-जिल द जेन यांनी १९७१ मध्ये मांडले.

या साऱ्याचा व्यवहारातील परिणाम असा, की तुकड्याने कापलेले अंतर त्याच्या लांबीच्या लॉगॅरिथमशी साधारण व्यस्त नाते ठेवते. लांबी बेस जोड्यांमध्ये, म्हणजे डीएनएच्या दुहेरी साखळीतील जोड्यांच्या संख्येत, मोजतात. ५०० आणि १००० बेस जोड्यांच्या पट्ट्यांमध्ये जितके अंतर दिसेल, साधारण तितकेच २००० आणि ४००० यांच्यामध्ये दिसेल. हे नाते वरच्या टोकाला मोडते: सुमारे २०,००० बेस जोड्यांच्या पुढचे तुकडे साध्या स्थिर प्रवाहात जवळपास एकत्रच सरकतात आणि एकाच जाड पट्ट्यात अडकून बसतात. त्यांच्यासाठी प्रवाहाची दिशा ठरावीक वेळाने बदलण्याची युक्ती श्वार्ट्झ आणि कँटर यांनी १९८४ मध्ये दिली, पण तो विषय वेगळा.

जाळीची छिद्रे किती मोठी असावीत हे आपण अ‍ॅगारोजच्या प्रमाणावरून ठरवतो. १ टक्का म्हणजे १०० मिलिलीटर बफरमागे १ ग्रॅम भुकटी. १ टक्क्याचे जेल साधारण ५०० ते १०,००० बेस जोड्यांच्या तुकड्यांना पुरते, आणि म्हणूनच काहीच ठरवले नसेल तेव्हा सगळे तेच ओततात. ०.७ टक्के घेतले तर मोठे तुकडे अधिक मोकळे होतात, २ टक्के घेतले तर १०० ते २००० बेस जोड्यांच्या दरम्यानचे. पीसीआरमधून (डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या पद्धतीतून) आलेला ३०० बेस जोड्यांचा तुकडा सवयीने १ टक्क्याच्या जेलवर चालवून तो प्रायमरच्या (पीसीआरसाठी घातलेल्या छोट्या डीएनए तुकड्यांच्या) धूसर डागापासून वेगळा दिसत नाही म्हणून तक्रार करणारे विद्यार्थी मी पुष्कळ पाहिले आहेत. त्यांना नवा प्रायमर नव्हे, १.८ किंवा २ टक्क्यांचे जेल हवे असते. ०.५ टक्क्याच्या खाली जेल इतके लिबलिबीत होते की ते ट्रेसकटच हलवावे लागते, आणि ३ टक्क्यांच्या वर भुकटी नीट विरघळवणे हेच मोठे काम होऊन बसते.

किती द्रावण करायचे याचा हिशेब ट्रेवरून करावा. ट्रे ७ सेंटिमीटर रुंद आणि १० सेंटिमीटर लांब असेल आणि जेलची जाडी ५ मिलिमीटर हवी असेल, तर ७ गुणिले १० गुणिले ०.५ म्हणजे ३५ मिलिलीटर द्रावण लागेल, आणि १ टक्क्यासाठी ०.३५ ग्रॅम भुकटी. खाचेत नमुना पुरेसा मावेल एवढीच जाडी असावी. त्याहून जाड जेल केल्याने काही साधत नाही, उलट ते अधिक तापते आणि छायाचित्रात पट्टे अस्पष्ट येतात.

भुकटी नेहमी थंड बफरमध्ये, शंकुपात्र हलके फिरवत टाकावी. गरम द्रवात टाकलेल्या भुकटीचा बाहेरचा थर लगेच फुगतो, आत कोरडे पीठ अडकते आणि गुठळ्या होतात. त्या मोडायला मग दुप्पट वेळ उकळावे लागते. पात्र द्रावणाच्या निदान तिप्पट मोठे असावे, कारण मायक्रोवेव्हमध्ये अ‍ॅगारोज शांत दिसत असते आणि पात्र हलवताच एकदम उसळून वर येते. ही वाफ आणि चिकट द्रव हातावर आला तर खोल भाजते, म्हणून तापवून झाल्यावर थोडे थांबून, उष्णतारोधक हातमोजा घालूनच पात्र उचलावे. थोडे तापवावे, फिरवावे, पुन्हा तापवावे. द्रावण उकळले म्हणजे भुकटी विरघळली असे नाही. पात्र उजेडासमोर धरून सावकाश फिरवा: काचेच्या कडेने पारदर्शक, भिंगासारखे चमकणारे बारीक कण तरंगताना दिसले तर ते न विरघळलेले अ‍ॅगारोज आहे. ते तसेच ओतले तर जाळी काही ठिकाणी विरळ आणि काही ठिकाणी दाट होते, आणि त्या ठिकाणी पट्टा वाकतो. कण पूर्ण नाहीसे होऊन द्रावण स्वच्छ पाण्यासारखे दिसेपर्यंत हे चालू ठेवावे.

येथे एक गोष्ट घडते जिच्याकडे फार कमी जण लक्ष देतात. उकळताना पाणी उडून जाते, क्षार आणि अ‍ॅगारोज मागे राहतात. ३५ मिलिलीटरमधून ५ मिलिलीटर वाफ झाली तर १ टक्क्याचे जेल सुमारे १.१७ टक्क्याचे झालेले असते, आणि गेल्या आठवड्याच्या जेलशी आजचे जेल जुळत नाही असे म्हणत आपण कारण शोधत बसतो. उपाय साधा आहे: तापवण्याआधी पात्र तोलून ठेवावे, विरघळल्यावर पुन्हा तोलावे आणि जितके वजन घटले तितके गरम शुद्ध पाणी घालावे. बफर घालू नये, कारण उडाले आहे ते फक्त पाणी. शिल्लक अ‍ॅगारोज बाटलीत ठेवून पुनःपुन्हा वितळवण्याची काटकसर सर्वत्र चालते. तिला माझा विरोध नाही, पण तिसऱ्या-चौथ्या वेळी त्या बाटलीवरील टक्केवारीवर विश्वास ठेवू नये.

बफर म्हणजे विद्युतप्रवाह वाहून नेणारे आणि सामू स्थिर ठेवणारे द्रावण. दोन बफर सर्वाधिक चालतात. टीएई मध्ये ट्रिस, अ‍ॅसिटिक आम्ल आणि ईडीटीए असते, तर टीबीई मध्ये अ‍ॅसिटिक आम्लाऐवजी बोरिक आम्ल. टीबीईची सामू टिकवण्याची क्षमता अधिक असल्याने लहान तुकड्यांचे पट्टे त्यात रेखीव येतात आणि बराच वेळ जेल चालवले तरी ते थकत नाही. टीएई लवकर थकते, पण लांब तुकड्यांसाठी आणि जेलमधून डीएनए काढून पुढे जोडण्यासाठी तेच बरे, कारण बोरेट मागे राहिले तर पुढच्या विकरांच्या कामात अडथळा येतो. ईडीटीए मॅग्नेशियमला बांधून ठेवते आणि डीएनए तोडणाऱ्या बहुतेक विकरांना मॅग्नेशियम लागत असल्याने ती निष्प्रभ होतात.

साठवणीचे टीएई साधारणपणे ५० पट तीव्र असते, आणि वापरताना ते १ पट करावे लागते. जेल आणि टाकी या दोन्हींत एकच आणि सारख्याच तीव्रतेचे बफर हवे. चुकून निव्वळ पाण्यात जेल बनवले तर त्यातून प्रवाह नीट जात नाही आणि पट्टे ओळखू न येण्याइतके बिघडतात. चुकून तीव्र बफर पातळ न करताच वापरले तर प्रवाह इतका वाढतो की जेल तापून वितळू शकते. या दोन्ही चुका नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत, कारण पाणी, १ पट बफर आणि ५० पट बफर तिन्ही रंगहीनच. म्हणून बाटलीवर तीव्रता ठळक लिहिण्याची शिस्त कंटाळवाणी असली तरी पाळावी.

स्वच्छ विरघळलेले द्रावण ५५ ते ६० अंशांपर्यंत थंड होऊ द्यावे. पात्राचा तळ क्षणभर हाताने धरता येतो, पण धरून ठेवावासा वाटत नाही, हीच ती वेळ. उकळते द्रावण ओतले तर प्लास्टिकचा ट्रे वाकतो, कडेची चिकटपट्टी सुटते आणि द्रावण टेबलावर वाहते. फार थांबलो तर काचेला लागून पातळ साय धरते आणि तिचे तुकडे जेलमध्ये उतरतात. इथिडियम ब्रोमाइड जेलमध्येच घालायचे असेल तर तेही याच टप्प्यावर, अंतिम प्रमाण मिलिलीटरमागे ०.५ मायक्रोग्रॅम राहील अशा बेताने घालावे. हा रेणू चपटा असून तो डीएनएच्या बेस जोड्यांच्या मधल्या फटीत शिरतो आणि अतिनील प्रकाशात नारिंगी चमकतो. ज्या कारणाने तो आपल्याला उपयोगी पडतो त्याच कारणाने तो उत्परिवर्तन घडवू शकतो, म्हणून हातमोजे अनिवार्य आणि उरलेल्या जेलची विल्हेवाट वेगळ्या कचऱ्यात. निळ्या प्रकाशात दिसणारी, तुलनेने कमी धोक्याची रंगद्रव्ये आता सहज मिळतात, आणि जेलमधून डीएनए कापून घ्यायचा असेल तर ती अधिक चांगली, कारण अतिनील प्रकाश डीएनएला इजा करतो.

ट्रे समपातळीत असावा. तिरक्या ट्रेमध्ये एका बाजूचे जेल जाड होते. कंगवा, ज्याला प्रयोगशाळेत सगळे कोंबच म्हणतात, आधीच लावून ठेवावा आणि त्याचे दात ट्रेच्या तळापासून अर्धा ते एक मिलिमीटर वर राहतील हे पाहावे. दात तळाला टेकले तर खाचेला बूडच राहत नाही, आणि निळा नमुना भरताच तो जेलखालून पसरून नाहीसा होतो. पहिल्यांदा हे पाहणाऱ्याला आपण नमुना भरलाच नाही की काय असे वाटते. द्रावण एका कोपऱ्यातून सावकाश ओतावे, आणि दातांजवळ अडकलेले बुडबुडे पिपेटच्या टोकाने कडेला सारावेत. मग ट्रेला हात लावू नये. अर्ध्या तासात पारदर्शक द्रावण दुधाळ, किंचित निळसर दिसू लागते. साखळ्यांची जुडगी आता प्रकाश विखुरण्याइतकी मोठी झाली आहेत, याची ती खूण.

कंगवा काढण्याची घाई ही माझ्या मते या साऱ्या कृतीतील सर्वांत महागडी घाई आहे. कोरड्या जेलमधून दात वर ओढताना खाचेत पोकळी निर्माण होते आणि बूड फाटते. जेलवर आधी थोडे बफर ओतून मग कंगवा सरळ वर, दोन्ही हातांनी, एका संथ हालचालीत काढला की बफर त्या जागी लगेच शिरते आणि खाच शाबूत राहते. नंतर ट्रे टाकीत ठेवताना खाचा ऋणाग्राच्या, म्हणजे काळ्या तारेच्या बाजूला याव्यात, आणि जेलवर काही मिलिमीटर बफर असावे.

नमुन्यात मिसळलेले लोडिंग रंगद्रव्य दोन कामे करते: त्यातील ग्लिसरॉलमुळे नमुना जड होऊन खाचेत बसतो, आणि ब्रोमोफिनॉल ब्लू पुढे धावून जेल कुठवर आले ते सांगते. हा निळा रंग म्हणजे डीएनए नव्हे. १ टक्क्याच्या जेलमध्ये तो साधारण ३०० बेस जोड्यांच्या तुकड्याबरोबर चालतो. विद्युतदाब दोन अग्रांमधील अंतराच्या दर सेंटिमीटरला ५ व्होल्टच्या आसपास ठेवावा. अंतर १५ सेंटिमीटर असेल तर ७५ व्होल्ट. घाईने दाब वाढवला की जेलचा मध्य कडांपेक्षा अधिक तापतो, मधले पट्टे पुढे जातात आणि सगळी रांग हसऱ्या तोंडासारखी वाकते. प्लास्मिडचा, म्हणजे जिवाणूतील लहान वर्तुळाकार डीएनएचा, नमुना मात्र न कापता चालवला आणि एकाऐवजी दोन-तीन पट्टे दिसले, तर त्यात जेलचा दोष नाही: घट्ट पिळलेले वर्तुळ, पीळ सुटलेले वर्तुळ आणि सरळ झालेला धागा हे एकाच लांबीचे असूनही वेगवेगळ्या वेगाने चालतात.

आकाराचा हाच प्रश्न आरएनएच्या बाबतीत मूळ प्रश्न बनतो. आरएनए एकेरी असतो आणि त्याची साखळी स्वतःवरच दुमडून, जागोजागी बेस जोड्या जुळवून गुंडाळी करते. दोन समान लांबीच्या रेणूंची घडी वेगळी असेल तर त्यांची चालही वेगळी होईल, आणि लांबी मोजायची म्हटली तर आधी घडी मोडावी लागेल. त्यासाठी नमुना फॉर्मामाइड आणि फॉर्माल्डिहाइडमध्ये ६५ अंशांवर १० ते १५ मिनिटे तापवून लगेच बर्फात ठेवतात, आणि घड्या पुन्हा पडू नयेत म्हणून जेलमध्येही फॉर्माल्डिहाइड घालतात. ते बेसवरील अमिनो गटांना चिकटते आणि जोडी जुळण्याची जागाच अडवते. येथे टीएई किंवा टीबीई का चालत नाही हेही यातूनच कळते: ट्रिसमध्येही अमिनो गट आहे आणि तो फॉर्माल्डिहाइड खाऊन टाकतो, म्हणून मॉप्स नावाचे बफर वापरतात.

१०० मिलिलीटरच्या १ टक्का जेलसाठी १ ग्रॅम अ‍ॅगारोज ७२ मिलिलीटर पाण्यात विरघळवावे, द्रावण ६० अंशांवर आले की १० पट तीव्र मॉप्स १० मिलिलीटर आणि ३७ टक्के फॉर्माल्डिहाइड १८ मिलिलीटर घालावे. बफर आणि फॉर्माल्डिहाइड नंतर घातले जाणार असल्याने उकळताना अ‍ॅगारोज फक्त ७२ मिलिलीटरमध्ये असते, आणि ते नेहमीपेक्षा दाट वाटते. घाबरून पाणी वाढवू नये. फॉर्माल्डिहाइडची वाफ विषारी आणि डोळ्यांना झोंबणारी असते, त्यामुळे मिसळणे, ओतणे आणि जेल घट्ट होणे हे सगळे फ्यूम हूडमध्येच (वाफ बाहेर खेचणाऱ्या कपाटात) व्हावे. असे जेल निसरडे आणि ठिसूळ असते. फक्त आरएनए तुटला आहे की शाबूत आहे एवढेच पाहायचे असेल, तर साधे टीएई जेलही पुरते.

खरी दक्षता आरएनेझची. आरएनए तोडणारे आरएनेझ ए हे विकर फार चिवट आहे: त्याची घडी चार डायसल्फाइड बंधांनी पक्की केलेली असते, उकळून ते कायमचे निकामी होत नाही आणि त्याला कोणत्याही धातूची गरज नसल्याने ईडीटीए त्याचे काही बिघडवत नाही. अशी विकरे आपल्या त्वचेवरून आणि शेजारच्या टेबलावर प्लास्मिड काढणाऱ्यांच्या बाटलीतूनही येतात. म्हणून टाकी, ट्रे आणि कंगवा ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडने धुऊन घेतात, आणि पाण्यावर आरएनेझ निकामी करणाऱ्या डीईपीसी या रसायनाची प्रक्रिया करून ते ऑटोक्लेव्ह करतात, म्हणजे दाबाखालील वाफेत तापवतात. ट्रिसच्या द्रावणावर मात्र डीईपीसी चालत नाही, कारण ट्रिसचा तोच अमिनो गट त्यालाही गिळून टाकतो. ते द्रावण आधी शुद्ध केलेल्या पाण्यातच बनवावे लागते.

मानवी पेशींचा एकूण आरएनए नीट चालला तर रायबोसोमच्या आरएनएचे दोन ठळक पट्टे दिसतात: सुमारे ५००० न्यूक्लिओटाइडचा २८एस आणि सुमारे १९०० न्यूक्लिओटाइडचा १८एस, आणि वरचा खालच्याच्या जवळपास दुप्पट तेजस्वी असतो. त्यांच्या मागे धूसर फराटा दिसतो तो मुख्यतः संदेशवाहक आरएनएचा, आणि तो असायलाच हवा. वरचा पट्टा खालच्यापेक्षा फिका पडला आणि तळाकडे चमक साचली, तर आरएनए तुटला आहे. हा नमुना दुसऱ्या, अधिक काळजीने ओतलेल्या जेलवर चालवला तरी चित्र बदलत नाही. आरएनएच पुन्हा काढावा लागतो.